जुन्या फोर बाय फोरचे बॉल जॉइंट: वजन कुठून जातं ते आधी ओळखा

पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवून पाहिलं, काही हललं नाही, म्हणून ‘बॉल जॉइंट चांगले आहेत’ असा निर्वाळा दिला. जुन्या फोर बाय फोरच्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणाऱ्या गाडीच्या, बाबतीत असा निर्वाळा पुष्कळदा चुकतो, आणि तो देणारा माणूस निष्काळजी असतो असंही नाही. जॅक भलत्या जागी लावल्यामुळे स्प्रिंगचा दाब जॉइंटवर तसाच राहिलेला असतो, आणि दाबलेल्या अवस्थेत पार झिजलेला जॉइंटसुद्धा हाताला घट्ट लागतो.

म्हणून पाने-हातोडे बाहेर काढण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं: गाडीचं वजन चाकापर्यंत कोणत्या जॉइंटमधून जातंय? हे कळलं की जॅक कुठे लावायचा, प्ले (जॉइंटमधला ढिलेपणा) कसा बघायचा, कोणता जॉइंट तुटला तर जिवावर बेतेल, हे सगळं आपसूक उलगडतं. हे न कळता केलेलं काम बहुतेक वेळा दोनदा करावं लागतं.

बॉल जॉइंट म्हणजे एक पोलादी गोळा आणि त्यातून निघालेला दांडा. गोळा वाटीत बसवलेला, वाटीचं तोंड आत वळवून आवळलेलं, मध्ये ग्रीस आणि तोंडावर रबरी बूट. आपल्या खुब्यात असतो तसाच हा उखळीचा सांधा: हवा तिकडे वळतो, पण बाहेर निसटत नाही. दांड्याचा वरचा भाग निमुळता असतो. तो समोरच्या तुकड्यातल्या तशाच निमुळत्या भोकात ओढून बसवतात आणि टोकाला नट लावतात. नट आवळताना दांडा भोकात असा रुततो की पुढे नट काढला तरी तो जागचा हलत नाही. ही पकड मुद्दाम ठेवलेली आहे. गाडी चालताना दांडा भोकात किंचित जरी हलत राहिला तरी भोक खात जातो.

चाकाचं हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) ज्याला जोडलेलं असतं त्या ओतीव तुकड्याला नकल म्हणतात. नकल एका वरच्या आणि एका खालच्या बॉल जॉइंटवर तोललेलं असतं. स्टिअरिंग फिरवलं की नकल या दोन जॉइंटमधून जाणाऱ्या कल्पित रेषेभोवती फिरतं आणि चाक वळतं.

आता, ‘जुनी फोर बाय फोर’ म्हटलं की पुढची रचना एकच असते असं नाही. जीप चेरोकी एक्सजे (१९८४ ते २००१) किंवा रँग्लर टीजे (१९९७ ते २००६) यांच्या पुढे डाना कंपनीचा ‘डाना ३०’ हा अखंड एक्सल येतो. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग नळी, तिच्या दोन्ही टोकांना इंग्रजी सी अक्षरासारखे फाटे, आणि त्या फाट्यांवर बॉल जॉइंटने धरलेली नकल. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये हेच काम डाना ४४ करतो. दुसरा प्रकार स्वतंत्र सस्पेन्शनचा: प्रत्येक चाकाला वरचा आणि खालचा आर्म, आणि स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारी दांडी). तिसऱ्या प्रकारात बॉल जॉइंट नसतातच. टोयोटा लँड क्रूझरची ८० सीरिज आणि तिच्याआधीच्या अखंड एक्सलच्या गाड्या, लँड रोव्हर डिफेंडर, सुझुकी समुराई यांत नकल वर-खाली बसवलेल्या पिनांवर फिरतं. फोर्डच्या मोठ्या पिकअपमधल्या डाना ६० ला १९९१ पर्यंत अशाच पिना, म्हणजे किंगपिन, होत्या. तिथे बेअरिंग आणि शिमचं (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्यांचं) काम असतं, ते वेगळंच प्रकरण आहे. पार्ट मागवण्याआधी गाडीखाली वाकून आपल्याकडे काय आहे ते बघून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक एक्सल बदललेले सापडतात.

दोनपैकी एकच जॉइंट ओझं वाहतो

दोन जॉइंट दिसायला सारखे असले तरी त्यांची कामं सारखी नसतात. एक गाडीचं वजन पेलतो, दुसरा फक्त नकलला जागेवर धरून ठेवतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ओळखायची खूण सोपी: स्प्रिंग ज्या आर्मवर टेकलेली, त्या आर्मचा जॉइंट ओझ्याचा. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर खालचा. टॉर्शन बार असेल तर तो कोणत्या आर्मला जोडलाय ते डोळ्यांनी बघा, कारण काही गाड्यांत तो वरच्या आर्मला असतो आणि मग सगळा हिशेब उलटा होतो. डाना ३० सारख्या अखंड एक्सलमध्ये मुख्य भार खालच्या जॉइंटवर येतो.

वरचा जॉइंट मग बसून खातो का? नाही. चाकाचा मध्य नकलच्या फिरण्याच्या रेषेपासून बाहेर असतो. त्यामुळे गाडीच्या वजनाने चाकाचा वरचा भाग सतत आत ढकलला जातो आणि खालचा बाहेर. हा आडवा जोर दोन्ही जॉइंटना सोसावा लागतो. रुंद टायर आणि बाहेर आलेली रिम लावली की ही तरफ लांबते. गाडी रुबाबदार दिसते खरी, पण जॉइंटचं आयुष्य घटतं.

ओझ्याचा जॉइंटही दोन तऱ्हांचा असतो, आणि जिवाचा प्रश्न इथे येतो. एका रचनेत वजनामुळे गोळा वाटीच्या तळावर दाबला जातो. असा जॉइंट झिजला तर खडखडतो, स्टिअरिंग ढिलं करतो, टायर खातो. पण वजनच त्याला वाटीत दाबून ठेवत असल्याने तो सहसा लगेच सुटत नाही. दुसऱ्या रचनेत वजन गोळ्याला वाटीच्या तोंडाकडे, बाहेर ओढतं. इथे झीज होते ती नेमकी त्या वळवलेल्या ओठाची, जो गोळ्याला आत ठेवतो. ओठ पातळ झाला की एखाद्या खड्ड्यात किंवा वळणावर गोळा उपसून बाहेर येतो, आणि चाक मडगार्डखाली आडवं दुमडतं. त्या चाकावर मग ना स्टिअरिंग, ना भरवसा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून २००४ पर्यंतच्या टोयोटा टकोमाचा खालचा जॉइंट या ओढल्या जाणाऱ्या प्रकारचा आहे. त्यातल्या २००१ ते २००४ च्या गाड्या याच जॉइंटसाठी कंपनीने २००५ साली परत बोलावल्या होत्या. अशा रचनेत माझं मत सरळ आहे: प्ले दिसायची वाट बघू नका. बूट फाटलेला दिसला की जॉइंट बदला.

तपासणी

आधी बॉल जॉइंटचे वाटणारे पण त्यांचे नसलेले दोन प्ले बाजूला काढू. चाक वरून-खालून धरून हलवल्यावर प्ले जाणवला तर तो व्हील बेअरिंगचाही असू शकतो. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंटकडे बोट. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर येणारा प्ले बहुतांशी टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगची दांडी नकलला जोडणाऱ्या सांध्याचा) असतो.

अखंड एक्सलवर जॅक एक्सलच्या नळीखाली लावा आणि चाक जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरच उचला. टायरखाली पहार सरकवून चाक सरळ वर उचका आणि सोडा. दुसऱ्याने त्या वेळी नकल आणि एक्सलचा फाटा यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवायचं. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं: पहार दाबली की ‘टक्’, सोडली की पुन्हा ‘टक्’. हातांनी चाक हलवून ही उभी झीज कधीच सापडत नाही.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचा दाब जॉइंटवरून काढणं हाच मुख्य मुद्दा. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका जॉइंटच्या जवळ. दाब जॅकवर गेला, जॉइंट मोकळा झाला, आता पहार चालवा. स्प्रिंग किंवा बार वरच्या आर्मला असेल तर जॅक चासीखाली (गाडीच्या सांगाड्याखाली), आणि वरचा आर्म आणि चासी यांच्यात लाकडाचा ठोकळा, म्हणजे आर्म खाली लोंबकळून जॉइंट ताणला जाणार नाही. किती प्ले चालतो याचा आकडा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा असतो. काही जॉइंटच्या तळाशी झीज दाखवणारा छोटा उंचवटा असतो. तो आत गेला की जॉइंट संपला. तो मात्र चाकं जमिनीवर असताना बघायचा, म्हणजे इतर तपासणीच्या बरोबर उलट.

आणि एक: वेगात पुढची चाकं थरथरून स्टिअरिंग हातातून सुटू पाहतं, तेव्हा लोक आधी बॉल जॉइंट बदलतात. अखंड एक्सलच्या गाड्यांत त्याचं मूळ जास्त वेळा ट्रॅक बारच्या (एक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांडीच्या) झिजलेल्या बुशात किंवा ढिल्या बोल्टमध्ये सापडतं. आधी तो बघा.

सोडवणं: इथेच दिवस जातो

जॉइंट बसवणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. वेळ खातात ती त्याच्या वाटेतली गंजलेली माणसं: हब, कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग), टाय रॉड, एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा). सगळ्या नट-बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. एक्सजे आणि टीजेवर तो २३७ न्यूटन-मीटरला आवळलेला असतो आणि गंजाचा जोर वेगळा. मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

कॅलिपर काढला की तारेने वर टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर असेल तर आधी तिच्या सगळ्या क्लिपा सोडा. डाना ३० मध्ये हब तीन बोल्टवर असतं, आणि बोल्ट निघाले तरी हब निघत नाही. बोल्ट पूर्ण काढू नका. थोडे बाहेर आणा, त्यांच्यावर सॉकेट ठेवा आणि आळीपाळीने ठोकत जा. स्टिअरिंगच्या जोराने हब बाहेर रेटायची एक युक्ती सांगितली जाते. ती चालते, पण हबबरोबर स्टिअरिंगचे भागही ताण खातात. मी त्या वाटेला जाणार नाही. लॉकिंग हबवाल्या (चाक एक्सल शाफ्टला हवं तेव्हा जोडता-सोडता येणाऱ्या) गाड्यांत आधी लॉकिंग हब, मग सर्क्लिप (खाचेत बसणारी अडकण कडी), दोन मोठे नट आणि त्यांच्यामधला वॉशर, बेअरिंग, आणि शेवटी स्पिंडल (बेअरिंग ज्यावर बसतात ती पोकळ नळी). हे सगळं काढायच्या क्रमानेच कपड्यावर मांडून ठेवा.

एक्सल शाफ्ट बाहेर ओढताना दोन्ही हातांनी उचलून धरा. तो नळीत घासत आणला तर आतलं ऑइल सील कापलं जातं आणि नवे जॉइंट घातलेली गाडी डिफरन्शियलचं तेल गळू लागते. शाफ्ट बाहेर आलाच आहे तर त्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट फिरवून बघा. कुठे अडकत असेल तर आत्ताच बदला, नाहीतर तीन महिन्यांनी हीच सगळी खोलाखोल पुन्हा करावी लागेल. याच कारणासाठी एका बाजूचा एकच जॉइंट गेला असला तरी चारही बदलावेत असं मला वाटतं. पार्टचा खर्च वाढतो, श्रम जवळपास तेवढेच राहतात.

आता रुतलेला दांडा. कॉटर पिना (नट फिरू नये म्हणून त्यातून घातलेल्या दुमडत्या पिना) काढा, दोन्ही नट सैल करा, पण काढू नका. तीन-चार आटे लागलेले राहू द्या. दांडा सुटताच जड नकल खाली येतं आणि ते पायावर पडू नये म्हणून ही सोय. मग मोठा हातोडा घ्या आणि दांड्यावर न मारता, निमुळतं भोक ज्या कडीत आहे त्या कडीच्या बाजूवर जोरात ठोके द्या. प्रत्येक ठोक्याने भोक क्षणभर किंचित अंडाकृती होतं आणि पकड ढिली पडत जाते. पाच-सहा ठोके काहीच होत नाही, मग एकदम ‘ठण्’ होतं आणि नकल नटापर्यंत खाली बसतं. दोन दातांचा फोर्क ठोकूनही दांडा सुटतो, पण तो बूट फाडतो. बॉल जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तर फाटला तर फाटला. टाय रॉड एंड मात्र पुन्हा वापरायचा असेल तर तिथे पुलर (स्क्रूने दांडा ढकलून सोडवणारं हत्यार) लावा.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये दांडा सोडण्याआधी स्प्रिंगखालच्या आर्मला जॅकचा भक्कम टेकू हवाच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात-पाय काही बघत नाही. टॉर्शन बार ढिला करायचा असेल तर त्याच्या बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते आधी मोजून लिहून ठेवा, म्हणजे गाडीची उंची परत मिळेल.

काढलेला जॉइंट हातात घेऊन एकदा नीट बघा. बूट उलटा केला की ग्रीसच्या जागी बहुधा तांबूस, वाळूमिश्रित चिखल निघतो, आणि दांडा आपल्याच वजनाने एका बाजूला कलंडतो. नवा जॉइंट दोन बोटांनी वळता वळत नाही. फाटलेल्या बुटातून पाणी शिरल्यावर काय होतं ते याहून स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही.

प्रेसचं काम

जॉइंटचं बाहेरचं कवच भोकात दाबून बसवलेलं असतं. काही एक्सलमध्ये ते भोक फाट्यात असतं, काहींत नकलमध्ये. सर्क्लिप असेल तर ती आधी काढा. तिला विसरून प्रेस फिरवणारे कमी नाहीत. मग सी आकाराचा प्रेस, एका बाजूला जॉइंट ढकलणारा कप आणि दुसऱ्या बाजूला तो जाऊ शकेल एवढी रिकामी नळी. प्रेसच्या स्क्रूला ग्रीस लावा, नाहीतर आटे स्वतःलाच खातात. काही एक्सलवर खालचा जॉइंट काढल्याशिवाय वरच्याला प्रेस लागतच नाही, म्हणून क्रम मॅन्युअलमधून बघून घ्या.

जॉइंट हलत नसेल तर स्क्रू जास्त जास्त आवळत राहण्यापेक्षा, आहे त्या ताणावर सोडून भोकाच्या बाजूच्या धातूवर हातोड्याचे ठोके द्या. तेवढ्याने बहुतेक जॉइंट सुटतात, आणि सुटताना मोठा आवाज होतो, म्हणून प्रेसच्या सरळ रेषेत तोंड ठेवू नका. शेवटचा उपाय उष्णता: भोकाभोवतीचा धातू तापवा, जॉइंट नाही. ग्रीस भरलेला बंद जॉइंट तापला तर फुटू शकतो. नवा जॉइंट आत असताना तर ज्योत जवळही नको.

भोक गंज काढून साफ करा, कडेला उठलेली धार कानशीने मारा. नवा जॉइंट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर केसभर आकसतो, तेवढीच मदत. दाबताना जोर कवचाच्या बाहेरच्या कडेवर आला पाहिजे. मधल्या पत्र्यावर दिला तर नवा जॉइंट बसायच्या आधीच बिघडतो. सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर सगळ्यात महत्त्वाचे. दर अर्ध्या फेऱ्याला थांबून चारी बाजूंनी फट सारखी आहे का बघा. तिरका जातोय असं वाटलं की लगेच बाहेर काढा. रेटला तर भोक ओरबाडलं जातं. हे पहिले फेरे हाताच्या पान्यानेच घ्या. इम्पॅक्ट गनला तिरकेपणा कळत नाही.

नवा जॉइंट हाताने ढकलला तरी आत जात असेल, तर दुखणं भोकाचं आहे. काही उत्पादक यासाठी किंचित मोठ्या व्यासाचे जॉइंट देतात. वेल्डिंगचे टाके मारून तो धरून ठेवायचा सल्ला मिळेल, पण ती उष्णता आतल्या ग्रीसपर्यंत आणि अस्तरापर्यंत पोहोचते. तो सल्ला घेऊ नका.

आवळायचा क्रम

नकल चढवल्यावर साधारण आधी खालचा नट बेताने आवळून दांडा भोकात बसवतात, मग वरचा, आणि मग दोन्ही शेवटच्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराला. एक्सजे आणि टीजेच्या डाना ३० वर खालचा १०९ आणि वरचा १०१ न्यूटन-मीटर. जुन्या डाना ४४ च्या काही प्रकारांत वरच्या दांड्याभोवती आटे असलेली एक बाही असते. तिला वेगळा पाना आणि वेगळा टॉर्क लागतो. ती न सोडता नवे जॉइंट आवळले तर दोन्ही जॉइंट एकमेकांना ओढून धरतात आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. काही एक्सलवर वरच्या जॉइंटभोवती मुद्दाम तिरपं भोक पाडलेलं बुश असतं, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) त्याच्यावर ठरतो. काढण्याआधी त्याच्यावर आणि नकलवर एकच रेघ ओढून ठेवा.

टॉर्क लागल्यावर कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा. मागे कधीच फिरवू नका. मागे घेतलेल्या नटाखाली दांडा भोकात हलायला मोकळा होतो.

निपलवाला (ग्रीस भरायचं तोंड असलेला) जॉइंट असेल तर ग्रीस गाडी रस्त्यावर नेण्याआधीच भरा. कारखान्यातून आलेलं ग्रीस बहुधा पुरेसं नसतं. पंप सावकाश मारा आणि बूट किंचित फुगला की थांबा. पुढचे दोन दाब बूट फाडतात. निपल नसलेले बंद जॉइंटही चांगलेच चालतात, पण ज्या गाडीला वारंवार पाण्या-चिखलातून जावं लागतं तिला मी निपलवालेच घालीन, कारण पाणी शिरलं तर नवं ग्रीस ते बाहेर ढकलू शकतं.

पहिले काही दिवस स्टिअरिंग जड लागेल आणि वळणानंतर जरा आळसटून सरळ होईल. नवे जॉइंट घट्ट असतात, त्याने घाबरू नका. जडपणा टिकला किंवा स्टिअरिंग अडकू लागलं तर मात्र नट, बाही आणि बूट पुन्हा तपासा. चाकाचे आणि हबचे टॉर्क शे-दोनशे किलोमीटरनंतर एकदा बघून घ्या. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागते. अखंड एक्सलवर बहुधा फक्त टो (दोन्ही चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवता येतो, कॅम्बर एक्सल ठरवतो. तो ठरलेल्या मापाबाहेर दिसला तर जॉइंट वाकडा बसला असेल किंवा फाटाच वाकला असेल. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये कॅम्बर, कॅस्टर (नकलच्या फिरण्याच्या रेषेचा पुढे-मागे कल), टो तिन्ही बघून घ्यावे लागतात, आणि टॉर्शन बारला हात लावला असेल तर आधी गाडीची उंची जुळवून मगच अलाइनमेंटच्या मशीनवर चढवा.